रायझन ५ २६००: नुसता प्रोसेसर बदलू की सगळा डबाच नवा घेऊ?

पानोपानी

नमस्कार मंडळी. घरी २०१९ मध्ये सुटे भाग आणून जोडलेला डेस्कटॉप आहे. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, डीडीआर४ च्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या (पाकिटावर ३००० लिहिलंय), जीटीएक्स १०५० टीआय आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. विंडोज २५० जीबीच्या साटा एसएसडीवर, बाकी सगळा संसार २ टीबीच्या हार्ड डिस्कवर.

गेम कोणीच खेळत नाही. मी कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन करते, पानं सरळ करते, डाग पुसते आणि टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने ओसीआर करून (चित्रातली अक्षरं मजकुरात उतरवून) मजकूर तपासते. एका पुस्तकाची तीन-चारशे पानं, ६०० डीपीआयची टिफ, म्हणजे एकेक पान पंधरा-वीस एमबीचं.

हल्ली दोन त्रास सुरू झालेत. ओसीआर लावला की पंखा इतका ओरडतो की शेजारच्या खोलीत फोनवर बोलणं मुश्कील, आणि रात्री लावलेलं पुस्तक सकाळी कुठे उरकतं. दुसरा त्रास म्हणजे स्कॅनचा फोल्डर उघडला की खिडकी पांढरी पडते, वरची हिरवी पट्टी रेंगाळत राहते, मधूनच कट्कट् आवाज येतो आणि अर्ध्या-एक मिनिटाने सगळं भानावर येतं. सगळ्या फोल्डरांना होत नाही, काही ठरावीक आहेत.

भाऊ म्हणतो एएम४ (माझ्या बोर्डवरची प्रोसेसर बसवायची खाच) म्हातारं झालं, डबा भंगारात काढ आणि त्यापुढचं एएम५ घे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, ११ वर जायला नवा प्रोसेसर लागतोच, असंही त्याचं म्हणणं. मला वाटतंय याच बोर्डवर रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर बसवून भागेल. काय करावं?

सुसाट

भाऊ बरोबर बोलतोय. एएम४ ला आता पुढे रस्ता नाही. त्यात पैसे घालण्यापेक्षा एएम५ चा बोर्ड आणि डीडीआर५ घ्या, पाच-सहा वर्षं बघायला नको.

खटपट्या

सुसाट, जरा दमानं घ्या. एएम५ मध्ये डीडीआर४ बसतच नाही, म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही एकदम. आणि रॅमचे भाव सध्या काय झालेत ते बघितलंय ना?

पानोपानी, विंडोज ११ चा मुद्दा आधी निकालात काढतो. २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. अडतं ते रायझनच्या पहिल्या पिढीचं, १६०० वगैरेचं. तुम्हाला फक्त बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू करायच्यात. सिक्युअर बूटसाठी विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेली हवी. २०१९ ची मशीन आहे, म्हणजे बहुतेक असेलच.

आता खरं कारण. तुमच्या प्रश्नात 'काही ठरावीक फोल्डर' आणि 'कट्कट्' वाचल्यावर मी प्रोसेसरचा विचार सोडूनच दिला. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवा, हार्ड डिस्क निवडा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींमधला उजवीकडचा आकडा इथे सांगा. शिवाय ओसीआर चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉक (वेग) किती दिसतं तेही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेगही बघून ठेवा.

तोवर त्या हार्ड डिस्कवर नवीन काही ठेवू नका.

पानोपानी

आकडे घेतले. ०५ समोर सगळी शून्यं आहेत. सी५ आणि सी६ दोन्हीकडे शून्यांच्या शेवटी ३८. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' आलंय. ३८ म्हणजे एवढं काही नाही ना, २ टीबीच्या मानाने?

ओसीआरच्या वेळी तापमान ९४, क्लॉक ३ गिगाहर्ट्झच्या आसपास डुगडुगतो. मेमरी २४०० दाखवतो.

खटपट्या

तो ३८ नाही. ते सॉफ्टवेअर आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत) दाखवतं. तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि आठ, म्हणजे ५६. सेटिंगमधून दशमान करून घेता येतं, पण ५६ काय किंवा ३८ काय, करायचं काम तेच.

सी५ म्हणजे 'पेंडिंग' सेक्टर: डिस्कला वाचता न आलेल्या जागा. त्यांच्यावर पुन्हा काही लिहिलं जाईपर्यंत डिस्क त्यांचा निकाल लावत नाही, म्हणून ०५ (राखीव जागेने बदललेले सेक्टर) शून्यच दिसतोय. फोल्डर उघडला की विंडोज लघुचित्रं बनवायला एकेक फाइल वाचायला घेते. वाचताना असा सेक्टर आला की डिस्क तिथेच डोकं पुन्हापुन्हा नेत राहते (तुमचा कट्कट्), आणि तोवर एक्सप्लोरर ताटकळतो. ५७००एक्स टाका नाहीतर सोळा कोअरचा टाका, खिडकी तितकाच वेळ पांढरी राहणार.

तेव्हा आधी स्कॅन बाहेर काढा. चेकडिस्क चालवू नका, डीफ्रॅग करू नका. चेकडिस्क फाइल सिस्टिम सांभाळतं, त्यात तुमचं पान गेलं तरी त्याला सोयरसुतक नसतं. नवी डिस्क जोडा आणि जे पुस्तक पुन्हा हाती लागणार नाही ते पहिलं उतरवा. एक्सप्लोररने ओढून टाकू नका, एका खराब फाइलपाशी सगळं अडून बसेल. विंडोजची रोबोकॉपी ही आज्ञा वापरा, पण आर (पुन्हा किती वेळा) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबून) हे दोन स्विच १ वर ठेवून. हे महत्त्वाचं, कारण मुळात ती आज्ञा फसलेली फाइल दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून पुन्हा वाचायला जाते. ज्याने कोणी हा आकडा ठरवला त्याच्या चिकाटीला सलाम, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर ती चिकाटी नको. कुठल्या फाइली राहिल्या ते लॉगमध्ये लिहून येतं. उरलेल्यांसाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू. ते आधी सोपा भाग उचलतं, अवघड जागांकडे शेवटी वळतं आणि कुठवर आलं त्याची नोंद ठेवतं, त्यामुळे मधे थांबवलं तरी तिथूनच पुढे.

पुढची मांडणी म्हणाल तर चालू पुस्तक एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणाऱ्या, साटापेक्षा वेगवान) एसएसडीवर ठेवा. बी४५० ला एम.२ खाच असते, पण ती वापरली की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा. तुमच्या कामाला पीसीआयई ३ चीच एसएसडी पुरे. मूळ स्कॅन दोन वेगळ्या हार्ड डिस्कांवर, त्यातली एक मशीनपासून सोडवलेली.

रॅमचं म्हणाल तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवायचं सेटिंग, बंद दिसतंय (तुमच्या बोर्डवर त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असेल). चालू करा. २६०० साठी अधिकृत मर्यादा २९३३ आहे, ३००० ला कुरकुर झाली तर तिथे आणा. बदलल्यावर मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची एक फेरी पूर्ण होऊ द्या. मात्र हे सगळं स्कॅन सुरक्षित झाल्यावर. पॉवर सप्लायला हात लावू नका, पुरेसा आहे.

पानापक्कड

९४ बद्दल मी बोलते. २६०० ची मर्यादाच ९५ आहे, म्हणून तो ३.४ चा मूळ वेगही सोडून खाली येतोय. त्यावर बहुतेक सोबत आलेलाच रेथ स्टेल्थ कूलर असेल. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर टॉर्च मारून बघा, पंखा वरून स्वच्छ दिसतो आणि खाली धुळीची वाकळ बसलेली असते. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका.

प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलायची असेल तर कूलर गार असताना उपसू नका! एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि खाचेची कळ खाली असली तरी वाळलेल्या पेस्टबरोबर प्रोसेसर सरळ उपटून वर येतो. दहा-पंधरा मिनिटं ओसीआर चालवून मशीन तापवा, बंद करा, वायर काढा. स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडेथोडे ढिले करा. चौथा निघताना एक हात बोर्डाच्या मागे ठेवा, कारण रेथ स्टेल्थचे स्क्रू थेट मागच्या पट्टीत जातात आणि ते निघाले की पट्टी खाली पडते. मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा. सुटला की हाताला कळतं. तेव्हाच उचला.

नवी पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी. त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, मी येत नाही.

धागेदोरे

खटपट्या आणि पानापक्कड यांना +१. टेसरॅक्टबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ४ नंतरच्या आवृत्त्या एका पानासाठी चार थ्रेडपर्यंत (एकाच वेळी चालणाऱ्या चार कामांपर्यंत) पसरतात. तुम्ही स्क्रिप्टने सहा पानं एकदम लावत असाल तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. 'ओएमपी थ्रेड लिमिट' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा (मधल्या जागी अंडरस्कोर, अक्षरं कॅपिटल) आणि सहा कोअरना सहा वेगळी पानं द्या. फरक चांगलाच जाणवेल. आणि मराठीची 'बेस्ट' डेटा फाइल वापरताय की 'फास्ट'? बेस्ट बरीच हळू आहे. स्वच्छ छपाईच्या पुस्तकाला फास्ट चालून जाते. जुन्या खिळ्यांच्या, तुटक जोडाक्षरांच्या छपाईला मात्र बेस्टच ठेवा.

एवढं करूनही प्रोसेसर हवासा वाटला तर ५७००एक्स चांगली निवड आहे: ८ कोअर, ६५ वॅट. त्याच्या खोक्यात कूलर येत नाही. ५९००एक्सच्या मोहात पडू नका, १०५ वॅटवाला प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत ओढतो आणि साध्या बी४५० बोर्डाच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) ते जड जातं. क्रम असा की जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करायचा, मग अदलाबदल. पहिल्यांदा चालू करताना एफटीपीएम रीसेट करू का असं स्क्रीनवर विचारेल. 'वाय' दाबण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) थांबवलेला असायला हवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवलेली. विंडोज ११ बऱ्याचदा न विचारता एन्क्रिप्शन चालू करते, तेव्हा 'मी कधी लावलंच नव्हतं' यावर विसंबू नका.

पानोपानी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती कळवते.

नवी डिस्क आणून रोबोकॉपी लावला. जवळपास सगळं आलं, मोजकी टिफ पानं लॉगमध्ये राहिली. डीडीरेस्क्यूने त्यातलीही बरीच काढली. दोन पानांमध्ये खालचा तिसरा भाग नुसता काळा आहे, पण ते पुस्तक ग्रंथालयात आहे, पुन्हा स्कॅन करेन. कूलर उघडला, वाकळच होती पानापक्कड! स्क्रू काढताना पट्टी हातात आली, तुमचं वाक्य आठवलं. आता तापमान ७८-८० वर थांबतं आणि क्लॉक ३.४ च्या खाली जात नाही.

थ्रेडचं सेटिंग लावल्यापासून दुपारी लावलेलं पुस्तक संध्याकाळी तयार असतं, त्यामुळे ५७००एक्स सध्या बाजूला. एनव्हीएमई घेतेय. भावाला अजून पटलेलं नाही.

जुन्या डिस्कचं काय करू? क्विक फॉरमॅट न करता पूर्ण फॉरमॅट केलं तर सी५ शून्य झाला आणि कॉशनही गेला. मग ती तिसऱ्या प्रतीसाठी चालेल का?

खटपट्या

नाही. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज सगळीकडे शून्यं लिहिते, त्यामुळे त्या जागांचा निकाल लागला. काही सेक्टर सावरले असतील, काहींच्या जागी राखीव सेक्टर आले असतील. ०५ ची ओळ पुन्हा बघा, आता तिथे आकडा दिसला तर कळेल. डिस्क बरी झाली असा याचा अर्थ नाही. डाउनलोड नाहीतर हरवलं तरी चालेल अशा गोष्टी ठेवा हवं तर, स्कॅन नकोत. आणि टाकून द्यायची ठरवलीत तर डेटा पुसायचं काम त्या फॉरमॅटने झालेलंच आहे.

भावाला एचडब्ल्यूइन्फोचा स्क्रीनशॉट पाठवा.