चांदीचे काटे-चमचे : ठसे, नक्षी आणि प्रत्येक नगाचे काम कसे ओळखावे?

प्रश्न : न्यूजर्सीकर
नमस्कार. येथील एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत मी काट्या-चमच्यांची एक पेटी घेतली. बहुतेक नगांच्या मागे सिंह, जहाजाचा नांगर आणि गॉथिक वळणाचे ‘जी’ हे अक्षर असून शेजारी ‘स्टर्लिंग’ आणि ‘पॅट. १८९५’ असे उमटवलेले आहे. नांगर हे बर्मिंगहॅमचे चिन्ह असल्याचे वाचले होते, तेव्हा हा माल इंग्लंडचा समजावा का? वाटोळ्या तोंडाचे आखूड चमचे आणि एक रुंद, चपटा, जाळीदार नग कशासाठी असावेत? काही चमच्यांवर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ आहे. ते सर्वांत जुने का?

उत्तर : रौप्यप्रेमी
हा माल अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्सच्या गोरहॅम कंपनीचा आहे. ब्रिटिश ठशांत चालता सिंह शुद्धता, नांगर किंवा बिबट्याचे तोंड परीक्षणाचे शहर आणि अक्षर वर्ष सांगते. गोरहॅमची तिन्ही चिन्हे मात्र मिळून केवळ कंपनीची ओळख देतात. त्यामुळे ‘जी’वरून वर्ष काढू नये. शुद्धता ‘स्टर्लिंग’ या शब्दावरून कळते, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी.

‘पॅट. १८९५’ हे नक्षीच्या पेटंटचे वर्ष आहे, नग घडवल्याचे नव्हे. विल्यम कॉडमन यांनी रेखाटलेली ‘शाँटिली’ ही नक्षी त्याच वर्षाची असून ती पुढे अनेक दशके घडत राहिली. तरीही केवळ त्या आकड्यावरून शाँटिली ठरवू नये. दांड्याचे टोक आणि कडेचे वळसे छायाचित्राशी ताडून पाहावेत, कारण नक्षीचे नाव नगावर सहसा नसते.

उत्तर : जुनाबाजार
‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हे मुलाम्याच्या मालाचे व्यापारी नाव आहे. त्यातील १८४७ हा नावाचाच भाग असल्याने विसाव्या शतकातील चमच्यांवरही तो आढळतो. हे चमचे पेटीतून वेगळे काढावेत.

चपटा, जाळीदार नग टोमॅटोच्या चकत्या वाढण्याचा असावा. रस खाली गळावा म्हणून जाळी. वाटोळ्या चमच्यांची लांबी मोजल्याशिवाय निर्णय देता येणार नाही. सुमारे पाच इंच असल्यास ते पातळ, निवळ सूपचे, सहा इंचांच्या वर असल्यास दाट सूपचे, आणि सात इंचांच्या आसपास असल्यास गंबोचे (दक्षिण अमेरिकन संस्थानांतील दाट, रश्शासारखे सूप). व्हिक्टोरियन काळात लोणच्याला, सार्डिनला, ऑयस्टरला निराळा काटा असे (हौसेला मोल नाही, हेच खरे), म्हणून लांबी आणि तोंडाचा आकार दोन्ही नोंदवावेत.

सुऱ्यांची चांदी वजनावरून मोजू नये. त्यांचे दांडे पोकळ असून आत भरण असते आणि पाते बहुधा पोलादाचे असते. भांडी धुण्याच्या यंत्रात त्या घातल्यास भरण सैल होते.

उत्तर : रौप्यप्रेमी
एक पुरवणी. पुढे इंग्लंडचे फळांच्या उठावाचे, सोनेरी मुलाम्याचे ‘बेरी स्पून’ दिसल्यास ठसे नीट वाचावेत. अठराव्या शतकातील साध्या मोठ्या चमच्यांवर व्हिक्टोरियन काळात असे नक्षीकाम पुष्कळदा केले गेले, त्यामुळे ठसा जुना असला तरी नक्षी शंभर वर्षांनी नवी असू शकते. संग्राहक असे नग मूळ नक्षीचे म्हणून धरत नाहीत, आणि माझ्या मते त्यांची किंमतही तशी देऊ नये.

न्यूजर्सीकर
आभारी आहे. वाटोळे चमचे जेमतेम पाच इंच भरतात. दांड्याच्या टोकाची छायाचित्रे उद्या देतो.