मुलं चाळिशीत, आम्ही सत्तरीत : दिव्यांग मुलांच्या आईबाबांचे अनुभव

मूल लहान असतं तेव्हा शाळा, थेरपी यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. ते चाळिशीला टेकलं की सगळे गप्प. म्हणून हा धागा. उपदेश नको, रोजचं काय चालतं ते लिहा. मुलांची नावं टाळा.

आई, नाशिक
लेकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात नाहीत), वजन माझ्यापेक्षा जास्त. पूर्वी हे त्याला उचलून न्हाणीत न्यायचे. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते संपलं. आता पलंग आणि चाकाची खुर्ची एका उंचीला आणलीत, मध्ये गुळगुळीत फळी टाकून त्याला सरकवतो. तरी कंबर बोलतेच! मदतनीस गावी गेला की आंघोळीऐवजी ओल्या पंच्याने पुसून काढायचं. दाढी मात्र अजून हेच करतात. लेक गाल फुगवून देतो, रेझर फिरला की खुदकन हसतो, आणि कापतंच कुठेतरी.

बाबा, ठाणे
मुलगी मतिमंद (बौद्धिक दिव्यांग म्हणा हवं तर). 18 पूर्ण झाली की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे मला बँकेत कळलं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच. त्याच न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, 1 लाख रुपयांपर्यंत. केंद्र सरकारी पेन्शनर असाल तर न कमावणाऱ्या दिव्यांग मुलाचं नाव हयातीतच पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) चढवून घ्या. मागाहून कागद गोळा करणार कोण?

आई, सोलापूर
माझा मुलगा 46 वर्षांचा, डाउन सिंड्रोम. या मुलांना स्मृतिभ्रंश चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं घोटून शिकवलेली शर्टाची बटणं तो विसरायला लागला. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, कान, डोळे तपासायला लावले. थायरॉइड निघाला, गोळीने जरा तरतरी आली. बटणं नाही आली. मी आता टी-शर्टच घेते.

आई, पुणे
आम्ही लेकीला निवासी संस्थेत ठेवलं. नातेवाइकांनी पाठीमागे नावं ठेवली. त्यातल्या एकानेही कधी तिला दुपारभर सांभाळलं नव्हतं. दिवाळीला घरी आणली, तर भाऊबीज झाल्या झाल्या तिनेच बॅग दारात आणून ठेवली. मी रडले. हे म्हणाले, "अगं, रुळली म्हणायची!"