आयर्लंडमधला डोंगरावर संपणारा रस्ता आणि खिशातला पावाचा तुकडा

सह्यभटक्या:
ताई गॉलवेला असते, तिच्याकडे महिनाभर राहून परवाच पुण्यात आलोय. शेजारच्या क्लेअर काउंटीत चालायला गेलेलो, दोन्हीकडे दगडी गडगे, मधे गवताळलेला रस्ता, बैलगाडी जाईल एवढा रुंद, आणि डोंगरावर चढून एकदम संपतो. पुढे वाडी नाही शेत नाही. जिथे उतरलेलो तिथल्या आजी म्हणाल्या तो दुष्काळातला रस्ता, आणि निघताना हातावर पावाचा तुकडा ठेवला, खायचा नाही, खिशात असू दे. का ते विचारायच्या आत बस आली. कुणाला माहितीये का?

इरावती_कोथरूड:
मी ६ वर्षं लिमरिकला होते. तो तुकडा हंग्री ग्राससाठी. भुकेनं माणूस जिथे पडला तिथे हे गवत उगवतं म्हणतात, त्यावर पाय पडला की पोटभर जेवलेलासुद्धा भुकेनं कोसळतो, मग तो घास तोंडात टाकायचा. १८४५ला बटाट्यावर रोग पडला, पुढच्या वर्षी जवळपास सगळंच पीक गेलं, आणि सरकारनं उपाशी लोकांना खडी फोडायला, रस्ते करायला लावलं. मार्च १८४७मध्ये ७ लाखांवर माणसं कामावर होती!! त्या मजुरीत घर चालत नव्हतं, लोक कामावरच मरायला लागले, शेवटी कामं बंद करून सूपची अन्नछत्रं काढली आणि कितीतरी रस्ते होते तिथेच थांबले.

वाटाड्या:
तिकडे स्ट्रे सॉड पण असतं, त्या ढेकळावर पाय पडला की ओळखीच्या शेतातून बाहेरची वाट सापडत नाही, मग कोट उलटा करून घालायचा. आपला चकवाच की! आणि १९९९मध्ये क्लेअरमध्येच लटूनला पऱ्यांचं हॉथॉर्नचं झाड वाचवायला हायवेचा आराखडा बदलला, आपल्याकडे रस्ता म्हसोबाला वळसा घालतो तसं.

शिरूरकर_काका:
इरावतीताई, तुमचं वाचून आई आठवली. ७२च्या दुष्काळात ती आमच्याकडे रस्त्याच्या कामावर होती, मी ५ वर्षांचा. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून खडी फोडायची, तरी नखं काळीनिळी. तिथे सुकडी मिळायची, ती स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून माझ्यासाठी आणायची. आज तो रस्ता डांबरी आहे, एसटी जाते. शेवटपर्यंत त्यावरून जाताना म्हणायची, हा आमचा रस्ता.

सह्यभटक्या:
तो तुकडा अजून जॅकेटच्या खिशात आहे, वाळून खडा झालाय, टाकवत नव्हता. काका, तो रस्ता कुठून सुरू होतो सांगाल का? रविवारी चालायला येतो.