‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ एक नव्हे
क्रेडिट कार्डाची थकबाकी फिटत नसेल तर ‘बँकेशी सेटलमेंट करून (म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रकमेत तडजोड करून) मोकळे व्हा’ असा सल्ला दिला जातो; नोकरीच गेली असेल तर तो पटतो. पगार चालू असताना मात्र घाई करू नये. मी कार्डाची १,४०,००० रुपयांची थकबाकी ८५,००० रुपयांत मिटवली आणि तीन वर्षांनी गृहकर्जासाठी गेलो, तेव्हा अधिकाऱ्याने सिबिल अहवालातील (कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीतील) ‘सेटल्ड’ या शब्दावर पेन्सिल टेकवून, उरलेले ५५,००० भरून ‘क्लोज्ड’ची (पूर्ण फेड झाल्याची) नोंद करून आणा, असे सांगितले. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते, त्यामानाने घरातले सोने तारण ठेवणे (आईला पटवणे हेच काय ते अवघड) कितीतरी स्वस्त पडले असते. नादारीचा (कर्ज फेडणे अशक्य असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचा) विचार असल्यास, मुंबईबाहेर महाराष्ट्रात त्यासाठी आजही १९२० चाच कायदा लागू आहे.