क्शिझोव्हा: गाव मोल्टकेंचं की १९४५ नंतर आलेल्यांचं?

उंबरठा
पोलंडच्या नैर्ऋत्य भागात, श्विदनित्सा शहराजवळ क्शिझोव्हा नावाचं खेडं आहे. १९४५ पर्यंत त्याचं नाव क्रायसाऊ, आणि मुलूख जर्मनीचा; युद्धानंतर तो पोलंडकडे गेला, जर्मनांना जावं लागलं आणि बाहेरून आलेले पोलिश लोक इथे वसले. प्रशियाचे सेनापती हेल्मुट फॉन मोल्टके यांनी १८६७ साली ही जहागीर घेतली, ऑस्ट्रियावरच्या विजयाबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून. त्यांच्या भावाचा पणतू हेल्मुट जेम्स याने मात्र १९४२-४३ मध्ये इथल्याच एका लहानशा घरात हिटलरविरोधी मित्रांच्या तीन बैठका घेतल्या. हिटलर गेल्यावर जर्मनी कशी उभी करायची, हा विषय. २३ जानेवारी १९४५ ला त्याला बर्लिनमध्ये फाशी झाली.

पुढे १२ नोव्हेंबर १९८९ ला, बर्लिनची भिंत उघडल्यावर तिसऱ्याच दिवशी, जर्मन चॅन्सेलर कोल आणि पोलिश पंतप्रधान माझोव्हिएत्स्की यांनी इथल्या प्रार्थनेत एकमेकांना मिठी मारली. हे सगळं थोरच. पण गावाचं नाव निघालं की गोष्ट १९४५ वरून थेट १९८९ वर उडी मारते. मधली ४४ वर्षं इथे सरकारी शेती होती आणि ती कसणारी माणसं होती. माझ्या मते गावाची गोष्ट आधी त्यांची.

तळटीप
असहमत. बाहेरून आणून वसवलेली माणसं पश्चिम पोलंडच्या बहुतेक गावांत सापडतील. मोल्टकेच्या बैठका एकाच गावात झाल्या. प्रतापगडाखालच्या प्रत्येक शेतकऱ्याची गोष्ट महत्त्वाची आहेच, पण लोक तिथे जातात ते अफझलखानामुळे.

रांगडा_गडी
मला मुळात हेच कळत नाही की पोलिश लोकांनी जर्मनांचा वारसा का सांभाळावा. त्या युद्धात पोलंडचे जवळपास ६० लाख नागरिक मेले, त्यातले निम्मे ज्यू. वॉर्साचा ढिगारा केला. हेल्मुट जेम्स भला माणूस होता, मान्य. पण मोल्टकेंच्या तिथल्या वाड्याच्या जिन्यात दोन भित्तिचित्रं आहेत: एकात १८०६ मध्ये ल्युबेकमध्ये घुसलेले फ्रेंच, दुसऱ्यात १८७१ मध्ये पॅरिसमध्ये शिरणारे जर्मन. म्हणजे सूड फेडल्याचा फोटोच की. तोही जपायचा?

पाटीपेन्सिल
गडी, खरवडलं तर काय कळणार? सेनापतीच्या घरात सेनापतीची फुशारकी दिसते, आणि त्याच कुटुंबातला पोरगा फासावर गेला. दोन्ही एकाच जिन्यात बघायला मिळतं, हेच तर त्या वाड्याचं मोल.

आणि 'का सांभाळावा' याचं उत्तर पोलिश बिशपांनीच १९६५ मध्ये दिलंय. जर्मन बिशपांना पत्र लिहिलं: आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. त्यामागे व्रोत्सवाफ शहरातले बिशप कोमिनेक होते. कम्युनिस्ट सरकार भयंकर चिडलं होतं.

ओडरकाठ
मी व्रोत्सवाफमध्ये राहते. घरमालकीण आजींच्या फडताळात चिनी मातीचे डबे आहेत, निळ्या अक्षरांत जर्मनमध्ये 'मीठ', 'साखर', 'पीठ' लिहिलेलं. पिठाच्या डब्यात त्या औषधाच्या चिठ्ठ्या ठेवतात. डबे घराबरोबर मिळाले. अशा वस्तूंना इथे एक शब्दच आहे, 'पोन्येमियेत्स्के', जर्मनांच्या मागे राहिलेलं. घर, कपाट, चेरीचं झाड, सगळ्याला चालतो.

उंबरठा यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यांनी एक सोडलंय. आलेली माणसं तिथे रमलीच नव्हती कित्येक वर्षं. जर्मन परत येतील या धास्तीने छप्पर शाकारायलाही लोक कचरत. पश्चिम जर्मनीने ओडर-नायसे सीमा (युद्धानंतर या दोन नद्यांवर ठरलेली पोलंड-जर्मनी हद्द) १९७० च्या करारात स्वीकारली, आणि पक्का सीमाकरार झाला तो १४ नोव्हेंबर १९९० ला. गाव आपलं वाटायलाच इतका काळ गेला, तर गोष्ट सांगणार कोण?

रांगडा_गडी
धास्ती त्यांची, दोष कुणाचा? १९४५ मध्ये पोट्सडॅमच्या परिषदेत अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ या तीन बड्यांनी रेघ मारली, भोगलं इतरांनी. जर्मन गेले त्यातही बायका-मुलंच जास्त, तेही कबूल. माझा विरोध कौतुकाला आहे.

शेंडापार्क
गडी, तुम्ही कोल्हापूरचे ना? वळिवडे विसरलात काय ओ? १९४३ ते ४८ तिथे सुमारे ५००० पोलिश राहिले, बहुतेक बायका-पोरं. सोव्हिएतांनी सैबेरियाला हाकललेली. त्यांची घरं होती पूर्व पोलंडात, आणि युद्धानंतर तो भागच सोव्हिएत संघात गेला. क्शिझोव्ह्यासारख्या गावांत आलेल्यांपैकी बरेच त्याच मुलखातले. इथे वारलेल्यांची थडगी आपल्याकडे अजून आहेत. ती कुणी उखडली असती तर चाललं असतं तुम्हाला?

रांगडा_गडी
थडग्यांचं वेगळं, भित्तिचित्राचं वेगळं.

ओडरकाठ
वेगळं नाही हो. इकडे जर्मन दफनभूमी कित्येक ठिकाणी सपाट केल्या, दगड बांधकामाला नेले. मोल्टके सेनापतीच्या समाधीतले अवशेषही १९४५ मध्ये नाहीसे झाले.

तळटीप
म्हणजे पुन्हा मोल्टकेच! उंबरठा, बघा, तुमच्या धाग्यातही तेच.

उंबरठा
हरलो :) ओडरकाठ, आजींना एक विचाराल का, त्या कुठल्या?

ओडरकाठ
विचारलं. ल्वूफजवळच्या एका खेड्यातल्या, म्हणजे त्याच सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्व पोलंडातल्या. सहा वर्षांच्या होत्या, मालगाडीच्या त्याच डब्यात त्यांची गायपण होती. प्रवासाचे दिवस आठवत नाहीत म्हणाल्या, गाईचं नाव आठवतं.

रांगडा_गडी
थडग्यांचं मान्य. चित्राचं नाही.