‘इतिवृत्त कायम करणे’, ‘मंजुरी’ आणि ‘तरतूद’ : नगरपरिषदेच्या कागदांतील काही शब्द

प्रश्न : छत्रपती संभाजीनगराला लागून असलेल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमची वसाहत आहे. आमच्या गल्लीतील सिमेंट रस्त्याचा ठराव मागील सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आणि पुढील सभेच्या विषयपत्रिकेत पहिलाच विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा छापून आला. आता रस्ता कायमचा पक्का झाला, असे शेजारचे काका सांगतात. ‘कायम करणे’ याचा असा अर्थ होतो का? तसेच ‘मंजुरी’, ‘मान्यता’ आणि ‘तरतूद’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

उत्तर : काकांना असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तो अर्थ बरोबर नाही. ‘कायम’ हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ ‘उभा असलेला, ठाम’. रोजच्या बोलण्यात आपण त्याला ‘नेहमीसाठी’ असा अर्थ दिला आणि ‘कायमचा पत्ता’, ‘कायम नोकरी’ असे प्रयोग रूढ झाले. सभेच्या भाषेत मात्र जुना अर्थ टिकून राहिला आहे. मागील सभेत जे घडले ते इतिवृत्तात जसे लिहिले आहे तसेच घडले होते, एवढेच सभा तेथे मान्य करते, म्हणजे ती नोंद ‘उभी’ राहते. ‘मी विरोध नोंदवला होता, तो लिहिलेला नाही’ ही हरकत सदस्याला या विषयाखाली घेता येते. ‘तो निर्णयच मला आता पटत नाही’ हे म्हणण्याची ही जागा नव्हे. ठरावाला नवे बळ येथे मिळत नाही आणि असलेले बळ जातही नाही.

‘मंजूर’ हा शब्द ‘नजर’ या शब्दाच्याच कुळातला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पाहिलेले’. वरिष्ठाच्या नजरेखालून गेले आणि त्याने ते राहू दिले, यावरून ‘संमत’ हा अर्थ आला. आपल्याकडे असे शब्द सरसकट निजामाच्या राजवटीचे मानले जातात. मराठवाड्यात 1948 पर्यंत वरचा कारभार उर्दूत चालत असे, हे खरे. परंतु ‘मंजूर’, ‘कायम’, ‘वसूल’, ‘तरतूद’ हे शब्द पुणे-साताऱ्याच्या दप्तरांतही तितकेच मुरलेले आहेत आणि ते निजामशाहीच्या खात्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

आता तुमच्या रस्त्याकडे येतो. ‘ठराव मंजूर झाला’ याचा अर्थ सूचकाने मांडलेल्या आणि अनुमोदकाने पाठिंबा दिलेल्या मजकुराला सभेची संमती मिळाली, इतकाच. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे हे काम एवढ्या खर्चापर्यंत हाती घ्यावे, अशी सक्षम अधिकाऱ्याची किंवा मंडळाची संमती. ‘तांत्रिक मान्यता’ म्हणजे अभियंत्याने कामाचे अंदाजपत्रक तपासून, मापे व दर ठीक आहेत असे दिलेले प्रमाण. बातम्यांत या दोहोंना आणि ठरावालाही ‘मंजुरी’ हा एकच शब्द लावला जातो, त्यामुळे एकच रस्ता वर्षभरात तीनदा मंजूर झाल्याचे नागरिक वाचतात आणि गल्लीत खडीचा एक ट्रकही येत नाही. हा घोळ मला फार खटकतो, कारण त्यातून लोकांचा सभेवरचा विश्वास विनाकारण उडतो. खोदकाम सुरू होण्याशी ज्याचा थेट संबंध आहे तो कागद म्हणजे निविदेनंतर ठेकेदाराला दिलेला ‘कार्यारंभ आदेश’, आणि चौकशी करायची तर त्याचीच करावी.

‘अंदाजपत्रक’ या शब्दाचीही अशीच अडचण आहे. एका कामाच्या खर्चाच्या आकारणीलाही अंदाजपत्रक म्हणतात आणि 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षाच्या एकूण जमाखर्चाच्या आराखड्यालाही. दुसऱ्यासाठी ‘अर्थसंकल्प’ लिहिला तर संदिग्धता उरत नाही. परंतु कार्यालयांत ‘अंदाजपत्रकीय सभा’ हा प्रयोग इतका रुळला आहे की, संदर्भ पाहूनच अर्थ लावावा लागतो.

‘तरतूद’ वेगळी. अरबीतील ‘तरद्दुद’ म्हणजे येरझारा, खटपट. मराठीत त्यावरून ‘आगाऊ केलेली सोय’ हा अर्थ झाला. पावसाळ्यापूर्वी घरात सरपणाची तरतूद करतात, ती हीच. नगरपरिषदेत ती एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातील खर्चाच्या ठरावीक सदराखाली, वर्षासाठी दाखवलेली रक्कम असते. ठराव आहे आणि तरतूद नाही, ही स्थिती अगदी नेहमीची आहे. मग एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्याकडे वळवावी लागते, त्याला ‘पुनर्विनियोजन’ म्हणतात. म्हणून तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

पुन्हा प्रश्न : सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. त्याच विषयपत्रिकेत ‘कार्योत्तर मंजुरी देणे’ असे दोन विषय आहेत आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे ही सभा आधी एकदा ‘तहकूब’ झाली होती. तहकूब म्हणजे रद्दच ना?

उत्तर : ‘कार्योत्तर’ मधील ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतरचे’, ‘मरणोत्तर’, ‘पदव्युत्तर’ यांतही तेच आहे. काम किंवा खर्च आधी झाला, संमती मागाहून घेतली जात आहे. उन्हाळ्यात अचानक टँकर लावावे लागले, तर असा विषय येणे समजण्यासारखे आहे. परंतु पुतळ्याभोवतीच्या रोषणाईसाठी तो आला, तर सदस्यांनी कारण विचारावे.

‘तहकूब’ म्हणजे रद्द नव्हे. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान सदस्यसंख्या) न झाल्यास सभा पुढे ढकलली जाते आणि तीच सभा, त्याच विषयांसह, नंतर भरते. तेव्हा त्याच विषयांसाठी पुन्हा गणपूर्तीची अट राहत नाही. रद्द झालेल्या सभेसाठी मात्र नवी सूचना आणि नवी विषयपत्रिका काढावी लागते. तुमच्या हातातील कागदावर ‘तहकूब सभा’ असे लिहिलेले असेल, तर पहिल्या सूचनेची प्रतही मागून घ्या आणि दोन्हींतील विषय क्रमाने ताडून पाहा.