लिपोसोमल लोहाच्या गोळ्या: जास्तीचे पैसे कशासाठी?

शालन_साताकर
वहिनीला पाचवा महिना, हिमोग्लोबिन 9.4. आशाताई लाल गोळ्या देऊन गेल्या होत्या, त्या तशाच पडून आहेत, कारण खासगी डॉक्टरांनी लिपोसोमल लोह (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कवचातलं लोह) लिहून दिलं. पट्टी उलटून वाचली: फेरिक पायरोफॉस्फेट (लोहाचा एक क्षार), शुद्ध लोह 30 मिग्रॅ. लाल गोळीत शुद्ध लोह 60 मिग्रॅ, वर फॉलिक अ‍ॅसिड, आणि तीही फुकट. निम्म्या लोहासाठी एवढे पैसे मोजायचे आणि कारण काय, तर म्हणे 'शोषण जास्त'. किती जास्त, ते पट्टीवर कुठेच नाही. माझ्या मते सरसकट प्रत्येक गरोदर बाईला हे लिहून देणं चूक आहे.

कृष्णाकाठची
ताई, गोळी पोटात टिकली तर लागू पडणार ना! लाल गोळीनं मला सकाळभर मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही. आशाताईंनी विचारलं की 'घेते' म्हणायचे आणि पट्टी डब्यात टाकायचे. आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचं हेच. लिपोसोमल मी रोज घेतली, काही त्रास झाला नाही. न घेतलेल्या फुकट गोळीचं शोषण शून्यच.

मेडिकलवाला
सहमत. फेरिक पायरोफॉस्फेट नुसतं दिलं तर नीट विरघळत नाही. फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचं दुपदरी कवच दिलं, म्हणजेच लिपोसोमल केलं, की उघडं लोह जठराच्या अस्तराला लागत नाही, म्हणून मळमळ कमी. इटलीत मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या 99 रुग्णांवर 2015 साली छापून आलेली चाचणी आहे: रोज 30 मिग्रॅ लिपोसोमल लोह तोंडावाटे विरुद्ध शिरेतून लोह. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन जवळपास सारखं, आणि गोळीवाल्यांना त्रास कमी. आणि 2021 ला म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी अशाच कवचातल्या औषधासाठी, लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी, लोक कसे वणवण फिरत होते, विसरलात?

शालन_साताकर
विसरले नाही. पण ते इंजेक्शन थेट शिरेत जायचं. गोळीला आतड्यातून जावं लागतं. तिथे पित्तक्षार आणि स्वादुपिंडाचा रस हेच कवच फोडायला बसलेले असतात. शिरेतलं यश गोळीच्या खात्यावर कसं जमा करता?
त्याच चाचणीचा उरलेला भाग पण सांगा. औषध थांबवल्यावर शिरेतून लोह घेतलेल्यांचं हिमोग्लोबिन टिकलं, गोळीवाल्यांचं घसरलं. लोहाचा साठाही शिरेतून दिल्यावर जास्त भरला. आणि तुलना इंजेक्शनशी होती, लाल गोळीशी नव्हतीच.

आकडेमोड
हिशेब मांडू. 2017 च्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात लोहाचा साठा कमी असलेल्या बायकांना साध्या फेरस सल्फेटमधून (लाल गोळीतला लोहाचा क्षार) 60 मिग्रॅ लोह दिलं. रोज घेतल्यावर 16.3 टक्के शोषलं गेलं, एक दिवसाआड घेतल्यावर 21.8. म्हणजे एका गोळीतून साधारण 10 ते 13 मिग्रॅ. 30 मिग्रॅच्या गोळीला तेवढं गाठायचं तर तिसरा हिस्सा ते 43 टक्के शोषण हवं. ज्या कंपन्या पट्टीवर 'लिपोसोमल' छापतात त्यांनी आपल्याच गोळीचा हा आकडा दाखवावा. कवच नक्की किती लोहावर आहे हेही कोणी लिहीत नाही.
एक दिवसाआड जास्त का, तर मोठा डोस घेतला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचा दिवसभर आतड्याचं दार अर्धं लावून घेतं. कवच असो नसो, रक्तात लोह शिरलं की हे नियंत्रण येतंच. (त्या अभ्यासातल्या बायका गरोदर नव्हत्या, तेव्हा वहिनींनी स्वतःहून दिवसाआड करू नये.)

कृष्णाकाठची
आकडे बरोबर असतील. पण डब्यात पडलेल्या गोळीचे 16 टक्के कोण मोजणार?

प्रसूतीकक्ष_परिचारिका
तुमचा मुद्दा खरा आहे, पण आमच्याकडे त्रासाची तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ जणी गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेत असतात. त्यानं शोषण मार खातं. रात्री जेवणानंतर घेऊन बघितली की बऱ्याच जणींचं मळमळणं थांबतं. शोषण थोडं घटतं, पण गोळी चालू राहते. तरीही सोसत नसेल तर लिपोसोमल द्या, माझी हरकत नाही. सरसकट नको.
शालनताई, 9.4 ला सरकारी नियमाप्रमाणे रोज दोन लाल गोळ्या लागतात, एक नाही. डॉक्टरांना हे विचारा, आणि कोणतीही गोळी घेतली तरी महिन्यानं हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. एक ग्रॅमनं वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. तेव्हा थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची), जंताची आणि शिरेतून लोह द्यायची चर्चा करायला हवी.

शालन_साताकर
उद्याच वहिनीला घेऊन जाते. दोन्ही पट्ट्या सोबत नेते.